लाल जुळेपर्यंत

होळी होऊन गेली आणि कळमेश्वरच्या एका बंद पडलेल्या कारखान्यातलं कापड छापायचं मशीन मेटॅडोरमधून विणकरांच्या तांडापेठेत आलं. लोखंडाचे दोन जाड पाट, वरच्या पाटाच्या पोटात विजेची कॉईल, बाजूला लांब दांडा. मशीनला जागा करायची म्हणून श्रावणने टिनाच्या शेडमधल्या दोन मागांपैकी एक मोडला. मागाची लाकडं बाहेर निघाली, तेव्हा त्याची आई रुख्माबाई दारात उभी होती. तिने पदराचा शेव तोंडात धरला होता.

"त्याच कोपऱ्यात ठेवतं का गा?" तिने विचारलं.

"मग कुठं ठेवू, माय? मीटर तिथंच आहे."

 श्रावणचे वडील रामाजी यांची खाट शेवटच्या दिवसांत त्याच कोपऱ्यात होती. चंद्रकला या घरात सून म्हणून आली त्याच्या कितीतरी आधी ते गेले होते. दम्याने गेले, एवढंच तिला सांगितलेलं होतं.

हातमागाच्या लुगड्याला आता गिऱ्हाईक उरलं नव्हतं. बायका पॉलिएस्टरच्या छापील साड्या मागत. धुवायला सोप्या, वाळायला हलक्या, इस्त्री नको. म्हणून श्रावणने हे धाडस केलं होतं. मशीन बसवायला आलेल्या केशव मेकॅनिकने दोघा नवरा-बायकोला एकदा करून दाखवलं. आधी जाळीच्या चौकटीतून कागदावर रंगाचा छापा घ्यायचा, कागद वाळवायचा, मग तो पॉलिएस्टरवर पालथा घालून तापलेल्या पाटाखाली दाबायचा.

"रंगाची वाफ होते आन् धाग्यात शिरते," केशव म्हणाला. "पाणी नाई लागत, का उकळणं नाई लागत. फक्त एक ध्यानात ठेवा. कागदावर जो दिसते तो रंग खरा नाई. खरा रंग आगीतून निघाल्यावर समजते."

कागदावर मळकट, चॉकलेटी फूल होतं. दांडा वर गेला, पाट उघडला, केशवने कागद सोलून काढला, आणि पांढऱ्या कापडावर झगझगीत राणी रंगाचं फूल उमललेलं दिसलं. चंद्रकला हसत सुटली. श्रावणही हसला, आणि हसता हसता खोकला. शेडमध्ये जळक्या कंगव्यासारखा कडू वास भरला होता.

"वाफेनं होते तसं," केशव म्हणाला. "सवय होऊन जाईल."

गांधीबागेत गुलाबचंद शेठची ठोक कापडाची पेढी होती. श्रावणच्या घरची लुगडी तो वर्षानुवर्षं घेत आला होता, म्हणून नव्या छपाईचं ऐकून तो स्वतः शेडमध्ये आला. त्याने खिशातून एका शालूच्या काठाचा तुकडा काढला. कुंकवाचा लाल, त्यात थोडी खोली, जणू खाली दुसरा एखादा काळा रंग दडलेला असावा.

"श्रावणजी, मला पॉलिएस्टरच्या साडीला हाच काठ पाहिजे. शादी का लाल. नारिंगी नको, राणी नको. हा जुळला तर अक्षय तृतीयेचा सगळा माल तुमच्याकडून उचलतो."

तुकडा चंद्रकलेच्या हातात ठेवून तो गेला.

त्या लालाने दोघांचं खाणंपिणं सोडवलं. पहिल्या दिवशी निघाला तो नारिंगी. थोडा वेळ जास्त दाबला तर तपकिरी, आणि कापड पापडासारखं कडक. श्रावणने रंगात निळ्याचा ठिपका घातला, तर काठ जांभळा पडला. नमुन्याच्या एकाच पट्टीत मधे एक लाल आणि कडेला दुसरा. श्रावणचे हात कामसू होते, पण रंगाची नजर चंद्रकलेची. प्रत्येक पट्टी घेऊन ती दारातल्या उजेडात जायची, शालूच्या तुकड्याशेजारी धरायची, डोळे मिटून पुन्हा उघडायची आणि मान हलवायची.

हळूहळू त्यांना एकेक गोष्ट कळत गेली. त्यांच्या मिश्रणातला पिवळा आधी उडतो, लाल मागाहून येतो. म्हणून घाई केली की नारिंगी. कागदात ओल राहिली की डाग. कापडाचा गठ्ठा बदलला की रंगही बदलतो. आणि पाटाच्या कडेला वारा लागला की कडा फिक्या पडतात. हे शेवटचं श्रावणच्या लक्षात आलं, त्या दिवशी त्याने शेडच्या दोन्ही खिडक्या बंद केल्या आणि फटींवर गोणपाट ठोकलं.

"गुदमरून जाऊ ना," चंद्रकला म्हणाली.

"लाल जुळेपर्यंतच."

एप्रिल लागला होता. बाहेर ऊन आणि आत तापलेलं लोखंड. शेडमध्ये उभं राहिलं की कानशिलं ठणकत. श्रावण बनियनवर काम करायचा, अंगातून घाम नुसता धावायचा. संध्याकाळी तो अंगणात खाटेवर पडला की त्याच्या कपाळाला हात लावून चंद्रकला म्हणायची, "किती तापले तुम्ही." तो म्हणायचा, "मशीनची आग आहे वं, उतरते." सकाळपर्यंत ती उतरायचीही. त्याच्या गळ्याची हाडं दिसू लागली होती. पण त्या उन्हाळ्यात गल्लीतलं कोण वाळलं नव्हतं?

खोकला मात्र गेला नाही. वाफेचा खोकला, असं श्रावण म्हणायचा. शेजारीपाजारीही तेच म्हणायचे. रुख्माबाई काही म्हणत नव्हती. मुलगा खोकू लागला की म्हातारी हातातलं काम थांबवायची, खोकला संपेपर्यंत तशीच बसायची आणि मग पुन्हा तांदूळ निवडायला लागायची.

एके दिवशी चंद्रकलेला दिसलं की सासूने श्रावणचा पेला वेगळा केला आहे. सगळी भांडी एका फळीवर, त्याचा पेला आणि ताट खिडकीत पालथं. तिने ते उचलून फळीवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा खिडकीत.

"आत्याबाई, हे काहून वेगळं ठेवता?"

"रंगाचे हात असतात त्याचे," रुख्माबाई म्हणाली. "पोटात जाईन कोणाच्या."

"मग माह्यापण हाताले रंगच आहे."

म्हातारीने तिच्याकडे पाहिलं. ते पाहणं चंद्रकलेला आवडलं नाही. काहीतरी मोजून घ्यावं तसं ते होतं. मग रुख्माबाईने चंद्रकलेचाही पेला उचलला आणि खिडकीत पहिल्याशेजारी ठेवला. चंद्रकलेला राग आला. आपण दोघं मशीनवर राबतो आणि घरात आपलीच भांडी वाळीत, असं तिला वाटलं. त्या दिवशी ती सासूशी बोलली नाही.

मग एका सकाळी ती धुणं घेऊन बसली. श्रावणच्या सदऱ्याच्या खिशात रुमाल होता, घडी घातलेला, ओलसर. तिने तो उलगडला. आत लाल होता.

"हे काय आहे?" तिने शेडकडे तोंड करून विचारलं.

श्रावण दारात आला. "रंग पुसला असन. दे बाल्टीत टाकून."

तो आत गेला. चंद्रकला रुमाल हातात धरून बसून राहिली. महिनाभर तिने दिवसभर लालाशिवाय काही पाहिलं नव्हतं. डब्यातला लाल, कागदावरचा लाल, कापडावरचा लाल, तिला झोपेतही वेगवेगळे ओळखू आले असते. न तापवलेला रंग असा लाल नसतो. तो मातकट असतो. आणि हा रुमाल सुती होता. तापवला तरी सुतावर हा रंग धड बसत नाही, तेही तिने स्वतः करून पाहिलं होतं.

ती उठून शेडमध्ये गेली, श्रावणची पाठ होती तेवढ्यात डब्यातला रंग बोटावर घेतला आणि बाहेर येऊन एका सुती चिंधीला पुसला. चिंधी आणि रुमाल दोन्ही उन्हात दगडावर ठेवले. बाकीचं धुणं तिने केलं, पण नजर दगडावर होती. चिंधीवरचा डाग होता तसाच चॉकलेटी राहिला. रुमालावरचा काळवंडत गेला. मग तिने चुलीवरचं गरम पाणी आणलं, साबण घेतला आणि दोन्ही धुतलं. चिंधीवरचा रंग जवळजवळ निघून गेला. रुमालावरचा डाग गरम पाण्याने पक्का बसला, कडेने तपकिरी.

गरम पाण्यात पक्का होणारा डाग बाईमाणसाला कोणी शिकवावा लागत नाही.

तिचे हात पाण्यातच राहिले. आतून दांडा खाली आल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ खोकल्याचा.

दुपारी वीज जाऊन बराच वेळ झाला तेव्हा ती शेडमध्ये गेली. अंधारात श्रावण जमिनीवर भिंतीला टेकून बसला होता. तिने रुमाल त्याच्यासमोर टाकला.

"हा रंग नाई."

तो रुमालाकडे बघत राहिला. 

"कधीपासून?"

"होळीच्या आधीपासून. थोडं थोडं."

"आन् मले वाफ म्हणून सांगून राहिले?"

"बाबालेही असंच झालं होतं," श्रावण म्हणाला. "मी लहान होतो. या कोपऱ्यात पडून राहत. मायनं सगळ्याले दमा सांगितलं. टीबी म्हटलं असतं तर कोणी आमच्या घरचं लुगडं घेतलं नसतं."

चंद्रकला त्याच्याशेजारी बसली. बंद खिडक्यांवरचं गोणपाट, त्यावर तारेला लटकवलेल्या शेकडो लाल पट्ट्या. त्या अंधारात सगळ्या काळ्या दिसत होत्या.

"उद्या दवाखान्यात चला," ती म्हणाली.

"परवा गुलाबचंद शेठ येऊन राहिला. त्याले लाल दाखवू दे. मग तू म्हणशील तिथं येतो." त्याने तिचं मनगट धरलं. त्याचा हात तापलेला होता आणि मशीन तर केव्हाचं थंड पडलं होतं. "एवढं केलं आपण, चंद्रकला. दोनच दिवस."

ती हो म्हणाली. तिलाही तो लाल पाहायचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो लाल निघाला. कागद उन्हात करकरीत वाळलेला होता, वीज एकसारखी होती, श्रावणने नेहमीपेक्षा किंचित जास्त वेळ दांडा दाबून ठेवला. पट्टी घेऊन चंद्रकला दारात गेली. शालूचा तुकडा तिने वर ठेवला, खाली ठेवला, फिरवला. कुठे कोणता आहे तेच कळेना. तोच कुंकवाचा लाल, तीच खाली दडलेली खोली. तिला उन्हात ठेवलेला रुमाल आठवला. आत श्रावण विचारत होता, "काय झालं? सांग ना!"

"जुळला," शेवटी ती म्हणाली.

गुलाबचंद शेठ ठरल्याप्रमाणे आला. त्याने पट्टी उन्हात धरली, चुरगाळली, थुंकी लावून बोटाने घासली. त्याचा चेहरा खुलला.

"वा, श्रावणजी! गांधीबागेत कोणाकडे हा माल नाही. कापडाचे गठ्ठे उद्याच पाठवतो. अक्षय तृतीयेच्या आत सगळं पाहिजे. जमेल ना?"

"जमते, शेठजी," श्रावण म्हणाला आणि तोंड वळवून खोकला.

"धुएँ से होता है," शेठ म्हणाला. "दही खात जा."

चंद्रकला वाट बघत होती. आता हे म्हणतील, शेठजी, आठवडाभर थांबा, मला दवाखान्यात जायचं आहे. श्रावणने कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाला, "आजपासूनच लागतो कामाले. एक दिवस खाली जाऊ देणार नाई."

तिने सासूकडे पाहिलं. रुख्माबाई उंबऱ्यात बसली होती. तिने मान खाली घातली. म्हातारी आताही गप्पच राहणार, हे चंद्रकलेला समजलं. अक्षय तृतीया होईल, मग दुसरं गिऱ्हाईक येईल, मग आणखी एखादा रंग, आणि या खिडक्या काही उघडायच्या नाहीत.

"शेठजी," ती म्हणाली, "हे काम होणार नाई. यायच्या तोंडातून रक्त पडून राहिलं."

शेडमध्ये फक्त कॉईलची गुणगुण राहिली. गुलाबचंद शेठने हातातली पट्टी अगदी सावकाश पाटावर ठेवली. बोट धोतराला पुसलं. पुन्हा पुसलं. तो मागे सरकत दारापर्यंत गेला.

"शेठजी, तुमचा तुकडा," चंद्रकलेने शालूचा काठ पुढे केला.

"वो भी रहने दो," तो म्हणाला. चपला घालायलाही तो थांबला नाही. हातात घेऊनच गल्लीत गेला.

श्रावणने बटण बंद केलं. "झालं समाधान?" तो म्हणाला. त्यानंतर कितीतरी दिवस तो तिच्याशी बोलला नाही.

संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं. नळावर चंद्रकलेने पाण्याची गुंड लावली तेव्हा बायकांनी आपापली भांडी उचलून बाजूला घेतली. कोणी वाईट बोललं नाही. फक्त जागा झाली, भोवती पुष्कळ जागा.

सरकारी दवाखान्यात श्रावणच्या छातीचा फोटो काढला. तरुण डॉक्टरांनी तो उजेडासमोर धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. आजाराने दोन्ही फुप्फुसं धरली होती. "इतके दिवस काय करत होता?" ते म्हणाले, पण उत्तराची वाट न पाहता त्यांनी चंद्रकलेकडे पाहिलं. "हे काम करायचे तिथे आणखी कोण असायचं?"

"मी."

"खिडक्या?"

"बंद," ती म्हणाली. "रंगासाठी."

डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं. मग तिचा आणि रुख्माबाईचाही फोटो काढायला सांगितलं.

फोटोची वाट पाहत दोघी सासूसुना लांबलचक व्हरांड्यात भिंतीपाशी बसल्या. समोरून पांढऱ्या चादरी टाकलेल्या गाड्या जात होत्या.

"तुम्हाले माहीत होतं," चंद्रकला म्हणाली.

"पहिल्या दिवशीच समजलं. खोकला ओळखू आला." रुख्माबाई समोर बघत होती. "त्याच्या बापाच्या वेळी मी बोलली होती. सासऱ्याले सांगितलं. त्यायनं मले मारलं, घराले बट्टा लावते म्हणून. मग जे घडलं ते घडलंच. मले वाटलं, बोलून काय होते."

"मले तरी सांगायचं होतं, आत्याबाई. मी रोज त्यायच्या बाजूनं उभी राहत होती."

म्हातारीने तोंडावर पदर घेतला. चंद्रकलेला तिला धरावंसं वाटलं आणि ढकलावंसंही. तिने दोन्हीपैकी काही केलं नाही.

म्हातारीचा फोटो साफ निघाला. चंद्रकलेच्या फोटोत डाव्या बाजूला वर एक डाग होता.

"लहान आहे," डॉक्टर म्हणाले. "औषध पुरं घेतलं तर जाईल. मधे सोडलं तर नवऱ्याच्या शेजारची खाट मिळेल." ते हसले नाहीत.

श्रावण वॉर्डात होता. चंद्रकला स्वतःचं इंजेक्शन घेऊन रोज त्याच्याकडे जायची, डबा ठेवायची, तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा. पावसाळा सुरू झाला. त्याचा आवाज बसला, मग भूक गेली. एका दुपारी त्याने आपण होऊन तिच्याकडे कूस वळवली.

"खरंच जुळला होता का?" त्याने विचारलं. "का मले बरं वाटावं म्हणून म्हणाली?"

"जुळला होता."

"कडेलेही?"

"कडेलेही," ती म्हणाली. कडेला तो किंचित फिका होता. ती खोटं बोलली.

त्याने डोळे मिटले. थोड्या वेळाने तिचा हात हातात घेतला. पोळा झाला त्या आठवड्यात तो गेला.

मशीन विकावं, असं भाऊबंदांचं म्हणणं पडलं. पण त्या घरचं मशीन घ्यायला कोणी आलं नाही. चंद्रकलेने दिवाळीनंतर ते स्वतःच चालू केलं. खिडक्यांवरचं गोणपाट काढून जाळलं. गांधीबागेत तिच्या मालाला कोणी हात लावत नव्हतं, म्हणून ती उशांच्या खोळी छापायची आणि बसने सावनेरच्या बाजाराला न्यायची. तिथे तिला कोणी ओळखत नव्हतं. हिरवी पानं, निळी फुलं. वाऱ्याने रंग कुठे दाट, कुठे विरळ व्हायचा. बाजारातल्या बायकांना ते चालायचं. लाल तिने पुन्हा कालवला नाही.

उन्हाळा तोंडावर आला तेव्हा दवाखान्यात तिचा पुन्हा फोटो निघाला. डॉक्टरांनी जुना आणि नवा शेजारी-शेजारी उजेडासमोर धरले. चंद्रकलाही खुर्चीतून उठून पाहू लागली. तिच्या नजरेला त्या दोन डागांत फरक दिसेना.

"गेला का?" तिने विचारलं.

"नाही. पण वाढलेला नाही. औषध चालू ठेव."

घरी आली तेव्हा रुख्माबाई दारातच उभी होती. सकाळपासून तिथेच असावी.

"काय म्हणाला डॉक्टर?"

"अजून आहे म्हणे, आत्याबाई. वाढला नाई."

म्हातारीने मान हलवली. गल्लीतून दोन बायका येत होत्या. त्यांच्यासमोरच, चांगल्या मोठ्या आवाजात ती म्हणाली, "टीबीचं औषध उपाशी पोटी घेऊ नको वं, पोरी. भाकर टाकली आहे, खाऊन घे."

बायका चालता चालता थबकल्या आणि मग पुढे गेल्या. चंद्रकला चपला काढून आत गेली.